सुताला वजन असते, आणि सावलीही

सोलापुरात फेब्रुवारी लागला की अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची प्रकल्पासाठी धावपळ सुरू होते. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून इथे आहे. पुढे शहराभोवती आणि पंढरपूरकडे आणखी महाविद्यालये निघाली. विषय बहुधा इथल्याच मातीतले असतात. यंत्रमागावर सूत तुटल्याचे कळवणारी यंत्रणा, टाकी भरली की बंद होणारी मोटर, डाळिंबाला पाणी कधी सोडायचे ते सांगणारी पेटी. आणि जवळपास प्रत्येक गटातून एक प्रश्न येतोच, ‘सर, कपॅसिटिव्ह घेऊ की आयआर?’

उत्तर पुष्कळदा दुकानात ठरते किंवा प्रयोगशाळेच्या कपाटात. जे हाताशी आले ते लावले. किमतीने निवाडा होत नाही, कारण दोन्ही प्रकारच्या साध्या पाट्या शंभर रुपयांच्या आगेमागे मिळतात. निवाडा करते ती जागा. आपल्याला काय मोजायचे आहे हे सगळे विचारतात. त्या जागी त्या वस्तूखेरीज आणखी काय काय बदलत राहते, हे फार थोडे विचारतात. सोलापुरात हवेतला ओलावा मे आणि ऑगस्टमध्ये दोन टोकांना असतो, भिंतीचे तापमान पहाटे आणि दुपारी वेगळे, बोअरच्या पाण्यात क्षार, शेडमध्ये उडणारा कापूस आणि काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा. या प्रत्येकाचा त्रास दोन्ही सेन्सरना सारखा होत नाही, आणि निवड तिथूनच सुरू करावी असे माझे मत आहे.

आधी दोघांचा स्वभाव पाहू. कपॅसिटिव्ह सेन्सर म्हणजे धातूचे दोन पत्रे आणि त्यांच्यामधले विद्युतक्षेत्र. त्या क्षेत्रात काही आले की धारकता बदलते. एक चौरस सेंटिमीटरचे दोन पत्रे एक मिलिमीटर अंतरावर ठेवले, मध्ये हवा असली, तर धारकता भरते जेमतेम ०.९ पिकोफॅरड. बोट जवळ आल्यावर होणारा बदलही असाच, पिकोफॅरडच्या मापातला. हवेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक १, काचेचा ५ ते ७, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि पाण्याचा ८०. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी निम्मे काम होते. कपॅसिटिव्ह सेन्सर मुळात पाणी ओळखतो, मग ते टाकीतले असो, मातीतले, धान्यातले की हवेतून सुतात शिरलेले. त्याला दिशा नसते. आजूबाजूला जे असेल त्या सगळ्यांची तो बेरीज करतो.

इन्फ्रारेडचे उलटे आहे. तिथे किरण लागतो, किरणाला वाट लागते आणि ती वाट स्वच्छ लागते. शिवाय ‘आयआर’ या एका नावाखाली तीन निराळी उपकरणे विकली जातात. पहिले, ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा प्रकाश स्वतः सोडून परावर्तन पाहणारे, रेषेवरून धावणाऱ्या गाडीला लावतात ते. दुसरे म्हणजे पीआयआर, जे स्वतः काही सोडत नाही, माणसाच्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेतली हालचाल पाहते. तिसरे, वस्तूला न शिवता तिचे तापमान सांगणारे, २०२० मध्ये दारोदारी कपाळावर रोखले गेले ते. तिघांच्या खोड्या वेगळ्या आहेत. प्रकल्पाच्या अहवालात नुसते ‘आयआर सेन्सर’ लिहिलेले दिसले की पुढचे पान वाचण्याआधी विचारावे, यातला कोणता?

ही चढाओढ जुनी आहे आणि कुणी एक जिंकलेला नाही. टचस्क्रीनकडे पाहा. इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये कपॅसिटिव्ह पडद्याची कल्पना मांडली, तर अमेरिकेतल्या प्लेटो-४ या शिक्षणयंत्रणेने १९७२ मध्ये पडद्याच्या कडांना इन्फ्रारेडचे १६ बाय १६ जाळे बसवले. २००७ च्या आयफोननंतर खिशातले सगळे पडदे कपॅसिटिव्ह झाले. वर्गातल्या भिंतीवरचे मोठे डिजिटल फळे मात्र अजून बहुतेक इन्फ्रारेडच्या चौकटीचे आहेत, कारण पडदा मोठा होत गेला की त्यावर कपॅसिटिव्ह जाळे अंथरणे महाग पडते, चौकट मात्र कडेनेच वाढते.

सोलापूरच्या माणसाला हा वाद समजावून सांगायचा तर मी सुताकडे जाईन. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे जुनी गिरणी, सुरू झाली आणि या गावाचे नशीब सुताला बांधले गेले. गिरण्या गेल्या, चादर आणि टॉवेल राहिले. सांगोल्याला गणपतराव देशमुखांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली. सूतगिरणीचा जुना प्रश्न हा की धागा कुठे जाड आहे आणि कुठे बारीक. पूर्वी सूत काळ्या पाटीवर गुंडाळून डोळ्यांनी पाहत. १९४८ मध्ये स्वित्झर्लंडच्या उस्टर गावातून धाग्याचा एकसारखेपणा मोजणारे यंत्र आले. त्यात धागा दोन पत्र्यांमधून धावतो आणि जितका कापूस त्या पत्र्यांमध्ये असेल तितकी धारकता वाढते. म्हणजे ते यंत्र धाग्याचे वजन मोजते. पुढे त्याच देशातल्या लोएफे कंपनीने दुसरी वाट धरली. धाग्यावर प्रकाश टाकायचा आणि पलीकडे पडणाऱ्या सावलीची रुंदी मोजायची. म्हणजे ते धाग्याचा व्यास पाहते.

वजन आणि व्यास ही एकच गोष्ट वाटते, पण तशी ती नाही. ज्या ठिकाणी धाग्याला पीळ कमी बसला आहे तिथे तो फुगतो. सावली जाड पडते, वजन तेवढेच असते. प्रकाशाचे यंत्र तिथे दोष दाखवते, कपॅसिटिव्ह दाखवत नाही. कापडात तो भाग डोळ्यांना दिसणार असेल तर प्रकाशाचे म्हणणे खरे. उलट कापसाच्या गाठीतून आलेला पोत्याचा रंगीत प्लास्टिकचा तंतू वजनाने नगण्य असतो. कपॅसिटिव्ह यंत्र तो बिनदिक्कत पुढे जाऊ देते आणि रंगाईत त्या जागी वेगळी रेघ उठून दिसते, कारण कापसाचा रंग प्लास्टिकवर चढत नाही. तो पकडायला प्रकाशच हवा. धागा पूर्ण गोल नसेल, थोडा चपटा असेल, तर एकाच बाजूने पडलेला प्रकाश फसतो, आणि तिथे पुन्हा वजनच विश्वासू ठरते.

आता जागेचा मुद्दा. व्यवहारात कापसात ८.५ टक्के ओलावा धरतात, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही. शेडमधली आर्द्रता खालीवर झाली की कापूस पाणी घेतो किंवा सोडतो, आणि पाण्याचा आकडा ८० असल्यामुळे कपॅसिटिव्ह यंत्राला तेवढ्याने सूत जाड-बारीक झाल्यासारखे वाटते. मिश्र सुतात पॉलिएस्टरचे प्रमाण जागोजागी बदलले तरी हेच. म्हणून सूत मोजण्याच्या खोलीत ६५ टक्के आर्द्रता राखतात. तिथे गारवा असतो तो माणसांपेक्षा सुतासाठी. जरीसारखा वीजवाहक धागा असेल तर कपॅसिटिव्ह पद्धत पार कोलमडते. प्रकाशाच्या यंत्राला ओलाव्याचे काही देणेघेणे नाही, पण त्याच्या काचेवर कापसाची पुटे बसतात. आजच्या चांगल्या यंत्रांमध्ये म्हणूनच दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी बसवलेले असतात.

अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये परिस्थिती सूतगिरणीहून कठीण आहे. टर्किश टॉवेलच्या मागावर तर इतका कापूस उडतो की पाळी संपेपर्यंत पत्र्यावर, पंख्यावर, माणसाच्या भुवयांवर त्याचा थर दिसतो. तिथे उघडा परावर्तनाचा आयआर सेन्सर लावला तर पहिल्या दिवशी तो छान चालतो, नंतर समोर धागा असो वा नसो, ‘आहे’ म्हणत राहतो, कारण डोळ्यापुढे कापूस कायमचा बसलेला असतो. टीसीआरटी-५००० सारखा स्वस्त सेन्सर अडीच मिलिमीटरवर सर्वांत चांगले पाहतो; इतक्या जवळ धुळीचा थर म्हणजे जवळपास वस्तूच. हे टाळायचे तर समोरासमोर सोडणारा आणि घेणारा असे दोन भाग ठेवावेत, प्रकाशाचे प्रमाण हळूहळू घटले तर सफाईचा दिवा लागावा, एकदम घटले तरच सूत आल्याचे धरावे. हवेचा झोत देणारी नळी जवळून नेता आली तर आणखी बरे.

रंगाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण चादरीच्या नक्षीवर आयआर लावण्याचे प्रयोग होतात. डोळ्याला काळे दिसते ते ९४० नॅनोमीटरला काळे असतेच असे नाही. छपाईची शाई किंवा विजेची काळी पट्टी यांत काजळी असते, ती हा प्रकाश गिळते. सुती कापडावरचे बहुतेक काळे रंग मात्र तो गिळत नाहीत. त्यांना सेन्सर पांढऱ्याइतकेच उजळ पाहतो. काळ्या-पांढऱ्या नक्षीची चादर त्याच्या लेखी कोरी असू शकते. नक्षी पाहायची असेल तर साधा दृश्य प्रकाश घ्यावा. आणि मागाचे फेरे मोजायचे असतील तर दोन्ही नकोत. फिरणाऱ्या दांड्यावर लहान लोहचुंबक आणि समोर हॉल सेन्सर, ज्याला ना कापूस दिसतो ना ओलावा.

उन्हाळ्याचा त्रास सगळ्यात जास्त पीआयआरला. हा सेन्सर माणूस पाहत नाही, माणूस आणि त्याच्यामागची भिंत यांच्या तापमानातला फरक पाहतो. अंगाचा पृष्ठभाग साधारण ३३ ते ३५ अंशांचा असतो. पुण्यातल्या २२ अंशांच्या खोलीत फरक मोठा, सेन्सर तत्पर. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या भिंती त्याहून तापतात. सकाळी भिंत गार असते, दुपारी माणसापेक्षा गरम होते. म्हणजे मध्ये कधीतरी एक वेळ अशी येते की दोघांचे तापमान एकच असते आणि माणूस सेन्सरपुढून चालत गेला तरी दिसत नाही. संध्याकाळी भिंत निवताना पुन्हा तेच. हिवाळ्यात दाखवलेला प्रकल्प मे महिन्यात बंद पडतो तो बहुधा यामुळे, तुटलेल्या तारेमुळे नाही. जिन्यातल्या दिव्याला हे चालून जाईल. गोदामाच्या राखणीला नाही. तिथे पीआयआरबरोबर मायक्रोवेव्ह रडारची छोटी पाटी जोडावी.

स्वतः प्रकाश सोडणाऱ्या आयआरची अडचण वेगळी. भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट सूर्यप्रकाश पडतो आणि त्यातला बराच इन्फ्रारेडच असतो. त्यात आपल्या एलईडीचा मिणमिणता किरण ओळखायचा तर त्याला ठरावीक ठेका द्यावा लागतो, टीव्हीच्या रिमोटमध्ये ३८ किलोहर्ट्झचा असतो तसा. इथे एक खाचखळगा आहे. रिमोटसाठी बनवलेले बरेच रिसीव्हर अखंड येणारा ३८ किलोहर्ट्झचा संकेत गोंगाट समजून दाबून टाकतात. दारावर अखंड किरण ठेवून तो तुटल्यावर घंटा वाजवायची असेल तर संकेत तुकड्यातुकड्यांनी सोडावा. ९४० नॅनोमीटर निवडण्यालाही कारण आहे. हवेतली वाफ त्या पट्ट्यातला सूर्यप्रकाश काहीसा शोषते, म्हणून तिथे उजेडाचा त्रास ८५० पेक्षा कमी.

टाकीच्या पाण्याबाबत मी कपॅसिटिव्हच्या बाजूने आहे, आणि इथल्या पाण्यामुळेच. उजनीचे पाणी शहराला रोज मिळत नाही, काही दिवसांआड येते. आले की घराघरांत मोटर लागते, टाकी भरून वाहणे म्हणजे पुढच्या काही दिवसांचे पाणी गटारात. मध्ये बोअरचे पाणी वापरले जाते आणि त्यातला क्षार भांड्यावर बसतो तसा सेन्सरवर बसतो. आयआर पातळीदर्शकाला पाण्यात बुडणारा पारदर्शक लोलक असतो. हवेत प्रकाश आतल्या आत परततो, पाण्यात बाहेर निसटतो. तत्त्व सुंदर आहे, पण लोलकावर क्षाराचा थर चढला की उत्तर बिघडते. कपॅसिटिव्ह सेन्सर प्लास्टिकच्या टाकीला बाहेरूनच चिकटवता येतो. पाण्याला तो शिवतच नाही. लोखंडी टाकीला हे जमत नाही, धातू क्षेत्र अडवतो. सळयांच्या सिमेंटच्या टाकीलाही नाही.

फक्त यासाठी टीटीपी-२२३ सारखी स्पर्शाची चिप वापरू नये. त्या चिपा बोटासाठी बनवलेल्या असतात. आजूबाजूची परिस्थिती हळूहळू बदलली तर ती नवी मूळस्थिती मानून घेणे हा त्यांचा गुण, पण टाकीतले पाणीही हळूहळूच चढते. चिप प्रत्येक बोटभर पाणी ‘आधीपासूनच होते’ असे धरून विसरत जाते. पातळीसाठी कच्ची धारकता मोजणारे साधन हवे. कपॅसिटिव्ह प्रकल्पांची आणखी एक तक्रार, की लॅपटॉपला जोडले की चालते आणि पॉवर बँकेवर चालत नाही, तिचे मूळ ग्राउंडमध्ये आहे. बोटापासूनचे विद्युतमंडळ जमिनीतून पुरे होते. अर्थिंग नसलेल्या पेटीत तो परतीचा मार्ग कमकुवत असतो. सर्किटच्या ग्राउंडला पुरेसा मोठा धातूचा पत्रा जोडला की फरक पडतो.

शेतीकडे येताना काम खरे अवघड होते. सोलापूर जिल्ह्यात सरासरी पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोरडवाहू शेतीचे संशोधन इथे १९३३ पासून चालू आहे, आणि २००५ पासून केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र. जमिनीतल्या ओलाव्यासाठी कपॅसिटिव्ह सेन्सरला तोड नाही, कारण कोरडी माती ३ ते ५ आणि पाणी ८० हा फरक इतका ठळक आहे. जुने दोन खिळ्यांचे रोध मोजणारे सेन्सर गंजतात, हा गंजत नाही. तरी बाजारातली स्वस्त पाटी जशीच्या तशी रोवून आलेल्या आकड्याला टक्के म्हणणे चूक आहे. ती एक-दोन मेगाहर्ट्झच्या आसपास चालते आणि इतक्या कमी वारंवारतेला जमिनीतले क्षार ओलाव्यासारखेच दिसतात. महागडी साधने ७० मेगाहर्ट्झ किंवा त्याच्या वर चालतात ती त्यासाठीच. बोअरच्या खारट पाण्यावर ठिबक चालवले की स्वस्त पाटीचा आकडा वाढतो, मुळांना मिळणारे पाणी वाढलेले नसते. पाटीच्या कापलेल्या कडांतून पाणी आत शिरते, तिथे वॉर्निशचा हात द्यावा.

काळ्या जमिनीची खोडी याहून मोठी. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. भेग पाटीला लागून पडली तर पत्र्यांसमोर माती उरतच नाही, हवा उरते, आणि सेन्सर ‘ठार कोरडे’ म्हणतो. शेजारी वीतभर अंतरावर वाफसा असू शकतो. उलट, चिकणमातीच्या कणांना घट्ट धरलेले पाणी झाडाला मिळत नाही तरी सेन्सरला थोडेफार दिसते. म्हणून प्रत्येक शेताच्या मातीशी सेन्सर जुळवून घ्यावा लागतो. ओली माती तोलायची, १०५ अंशांवर २४ तास वाळवायची, पुन्हा तोलायची, आणि त्या खऱ्या ओलाव्यासमोर सेन्सरचा आकडा मांडायचा. डाळिंबाच्या मुरमाड रानाला आणि भीमाकाठच्या भारी रानाला एकच कोष्टक लागू होणार नाही. पाट्याही एका जागी दोन-तीन, वेगवेगळ्या खोलीवर हव्यात.

डाळिंबाच्या बाबतीत हे सगळे बहर धरताना कामी येते. मृग, हस्त किंवा आंबे बहर धरण्याआधी बागेला ताण देतात, पाणी तोडतात, पानगळ करतात. ताण कमी पडला तर फूल विखुरते, जास्त झाला तर झाड खचते. जमीन भारी की हलकी यावर ताणाचे दिवस ठरतात, आणि शेतकरी ते पानांच्या रंगावरून, डोळ्यांनी ठरवतो. इथे तिसऱ्या प्रकारचा आयआर उपयोगी पडतो. पाणी मिळणारे पान बाष्प सोडते आणि कोरड्या हवेत हवेपेक्षा काही अंशांनी गार राहते. पाणी तुटले की पान तापू लागते. ॲरिझोनाच्या वाळवंटी हवेत इड्सो आणि जॅक्सन यांनी १९८१ मध्ये यावरूनच पिकाच्या ताणाचा निर्देशांक बांधला. सोलापूरची कोरडी दुपार त्याला चांगली मानवते. पावसाळ्यात हवा दमट असताना हा फरक पुसट होतो.

मात्र प्रकल्पात सर्रास वापरला जाणारा एमएलएक्स-९०६१४ सेन्सर मूळ रूपात ९० अंशांचा पसारा पाहतो. अर्ध्या मीटरवरून त्याला मीटरभर व्यासाचे वर्तुळ दिसते, आणि डाळिंबाच्या बारीक पानांमधून खालची तापलेली जमीन डोकावत असते. आलेला आकडा पानाचा नसून पान आणि माती यांच्या सरमिसळीचा असतो. अरुंद दृष्टीचा प्रकार घ्यावा, तिरपा धरावा, सावली पडणार नाही असे उभे राहावे आणि दुपारी एक ते तीनच्या दरम्यान, ढग नसताना वाचावे. शेजारी सावलीत हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सरही हवाच, कारण नुसते पानाचे तापमान काही सांगत नाही.

या बागेत मी दोन्ही सेन्सर लावायला सांगेन, आणि ते एकमेकांची साक्ष पटवतात म्हणून नव्हे, तर त्यांचे जेव्हा पटत नाही तेव्हासाठी. माती कोरडी आणि पान तापलेले, हा ताण आहे, ठरवून दिलेला. माती ओली आणि पान गार, तर पाणी थांबवायला हरकत नाही. माती कोरडी दिसते आहे आणि पान गार आहे, तर मूळ पाटीपेक्षा खोल गेले आहे किंवा पाटी भेगेत उभी आहे. ती उपसून दुसरीकडे रोवावी. आणि माती ओली असून एखाद्याच झाडाचे पान दुपारी तापत असेल तर पाणी वाढवू नये. ते झाड पाणी ओढूच शकत नाही. मुळाशी सूत्रकृमी असतील, किंवा सेराटोसिस्टिस बुरशीचा मर रोग लागला असेल. अशा झाडाचे खोड आडवे कापून आत काळपट करडे डाग पडलेत का ते पाहावे, आणि तोवर शेजारच्या झाडांना एकाच नळीतून पाणी जात असेल तर ती नळी वेगळी करावी.